भासऱ्याचा हात

गोपिकाले नाचाचा शौक होता असं नाही. वरातीपुढं बायका नाचत, तवा ही सगळ्यायच्या पर्सा सांभाळत उभी राहे. तिचा नवरा सुशील खापरखेड्याच्या वीज केंद्रात होता. चाळिशीही गाठली नाही, झटक्यानं गेला. तिले अनुकंपावर नोकरी लागली, क्वार्टर राहिलं, सासू राहिली. रडणं तेवढं आलं नाही. लोकायनं वाट पाहिली, मंग कटाळले.

हापिसातली दामिनी म्हणे, "चाल वं, रविवारी नागपूरले सालसाचा क्लास असते. घरात बसून भुतावानी दिसून राहिली."

"भुतं नाचतात काय?"

"तू चाल तं."

धरमपेठेतला एक हॉल. बाया आत गोल, माणसं बाहेर गोल. दुर्गेश सर टाळी वाजवून 'चेंज' म्हणत, की हात सोडायचा अन् पुढच्याचा धरायचा. क्लास सुटल्यावर दामिनीनं हात धरला की दाबे, अन् विचारे, "बरं वाटते ना?" ओळखीच्या हाताची हीच खोड. तो काहीतरी मागते. अनोळखी माणसाचा हात म्हणजे बसमधला दांडा. वळण आलं की धरा, उतरताना सोडा. त्याले कुठं माहीत असते तुमचं कोण मेलं ते!

दामिनीची टोळी एकदा तिले क्लबातही घेऊन गेली. तिथं साऱ्या मैत्रिणींनी गोल करून हिले मधात ओढलं. "नाच गोपे, हास!" करत मोबाइलवर व्हिडिओ काढले. ती हासली. पुन्हा गेली नाही. क्लासले मात्र दामिनी कटाळली तरी हिचं जाणं सुटलं नाही. आठवडाभरात तेवढाच एक वेळ कोणी तिच्या तोंडाकडं पाहून च्च करत नव्हतं.

सासूले सांगितलं होतं, कंप्युटरची परीक्षा हाये. सासू म्हणे, "तुया कंप्युटर काही केल्या पास होऊन नाही राहिला."

अन् एका रविवारी बाहेरच्या गोलात कवडूभाऊ दिसला. सुशीलचा सख्खा मोठा भाऊ, मौद्याले खताचं दुकान. पांढरा शर्ट खोचलेला, पायात कोरे कॅनव्हासचे बूट.

आमच्याकडं धाकट्याची बायको भासऱ्याले, म्हंजे नवऱ्याच्या मोठ्या भावाले, शिवत नाही. समोरासमोर बोलत नाही. इतक्या वर्षांत कवडूभाऊ तिच्याशी थेट एक शब्द बोलला नव्हता. सुशीलच्या मयतीतही दारात उभं राहून भिंतीले म्हणाला होता, "जेवून घ्या म्हणा त्यायले."

आता हा खापरखेड्याले येऊन आपल्या मायले सांगन, अन् आपला रविवार गेला, हे गोपिकाले तिथंच समजलं. पाय दुखते म्हणून बाजूले बसता आलं असतं. पण खुर्च्या भिंतीले लागून, उजेडात. बसली असती तं आणखीच दिसली असती. चेंज. पुन्हा चेंज. कवडूभाऊ समोर.

दोघांचेही हात लोंबत राहिले.

"काय अंकल!" दुर्गेश सर तिकडून ओरडले. "ताईले करंट लागते काय? धरा हात!"

लोक हासले. कवडूभाऊची मान लाल झाली. त्यानं भिंतीकडं पाहिलं. "त्यायले म्हणा…" एवढं बोलून थांबला. मधात निरोप नेणारं कोणीच नव्हतं.

मंग त्यानं घसा साफ केला. "नमस्कार. मी कवडू. मौद्याहून येतो."

गोपिकाले समजाले थोडा वेळ लागला.

"मी गोपिका," ती म्हणाली. "खापरखेडा."

त्यानं हात पुढं केला. तिनं धरला. कोरडा, खरबडीत. आंगठा सुशीलसारखाच बाहेर वाकलेला. छातीत आता काहीतरी होईन म्हणून तिनं वाट पाहिली. काही झालं नाही. गाणं चालू होतं, पाय चालू होते.

"घरी कोण असते तुमच्या?" कवडूभाऊनं विचारलं.

"सासू हाये."

"बरी हाये काय?"

"खोकला हाये. औषध आणलं, पण घेत नाही."

"काहून?"

"कडू लागते म्हणते. मोठ्या पोरानं सांगितलं तं ऐकन. तो फोनच करत नाही."

कवडूभाऊचा पाय चुकला. कोरा बूट तिच्या बोटांवर पडला.

"करन तो," तो म्हणाला. मंग बूट मागं घेत, "तिच्या सुनेच्या माघारी कोणाले काही सांगणार नाही तो. तसा माणूस नाही."

"तुमाले काय माहीत?"

"मले कसं माहीत राहीन? मी तं आजच आलो."

"तुमच्या घरी माहीत हाये काय, इथं येता ते?"

"बायकोले वाटते, गुडघ्याच्या डॉक्टरकडं आलो."

"मी नाही सांगत," गोपिका म्हणाली. "मी ओळखत नाही तिले."

सरांनी टाळी वाजवली. त्यानं हात सोडला, तिनं सोडला. पुढचा माणूस कुठल्याशा बँकेतला होता, त्याच्या तळव्याले घाम होता. त्यानं नाव विचारलं. तिनं सांगितलं.