अर्धी राहिलेली साक्ष

मी गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर आलेली एसटी तुळजापूरला निघालेल्या बायामाणसांनी अर्धी भरलेली होती. कुणाच्या मांडीवर परडी, कुणाच्या कडेवर जावळाचं पोर. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली, खाली उतरले, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. कंडक्टर म्हणाला, "मास्तरांचं होऊ द्या, मग घंटी मारतो."

आप्पांची प्रार्थना लवकर कधीच संपायची नाही. त्यांनी माझ्यासाठी मागितलं, मग नाव घेऊन ड्रायव्हरसाठी मागितलं, मग ओढ्यावरच्या खचलेल्या पुलासाठी. मी अठरा वर्षांची होते. खिडकीतनं इतकी माणसं बघत होती की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शेजारच्या शेतातल्या पारूमावशी धावत आल्या आणि त्यांनी माझ्या ओटीत नारळ आणि खण घातला. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात ओटी भरत नाहीत. आप्पा टोपी घालून बाजूला सरकले. आई एवढंच म्हणाली, "नीट धर, सांडू नको."

गावाचं नाव लिहीत नाही. बेंबळीच्या पुढं, एवढं पुरे. आप्पांनी तशी अटच घातली आहे. "पाण्याचं लिहिणार असशील तर गावाचं नाव नको," असं ते फोनवर म्हणाले. "सगळ्याच गावांनी तेच केलं. आपलंच एकटं बदनाम कशाला?"

पाण्याचं सांगते. आमची आळी गावकुसाबाहेरची, आठ घरांची. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले, पण विहिरीच्या लेखी काही बदललं नव्हतं. मी लहान असताना आई घागर घेऊन विहिरीपासून चार पावलं लांब उभी राहायची. कुणीतरी पोहरा काढून वरून पाणी ओतायचं. बरेचदा त्या पारूमावशीच असायच्या. पुढं आळीत बोअर झाली, हातपंप बसला आणि ते सगळं बंद झालं. बंद झालं म्हणजे कुणी बंद केलं नाही. चुकलं, असं कुणीही म्हणालं नाही. पुढं आईच्या शेवटच्या आजारात त्याच पारूमावशींनी तिला मांडीवर घेऊन चमच्यानं पेज पाजली. हे दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एकही खोडता येत नाही.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि रविवारी आमच्या पत्र्याच्या देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, उपासना चालवायचे. देशासाठी प्रार्थना करायची म्हटली की कुणीतरी मोघम सुरू करायचं, "हे देवा, आमच्या देशाला आशीर्वाद दे." आप्पा मध्येच म्हणायचे, "देश म्हणजे कोण? नावं घ्या." मग तलाठ्याचं नाव यायचं, दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या शेजाऱ्याचं यायचं, शाळेच्या पडक्या भिंतीचंही यायचं. आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याच्या, आधी त्यांचा नियम होता. ज्याचं कुणाशी बिनसलंय त्यानं उठायचं, जाऊन मिटवायचं, मग भाकरीला हात लावायचा. एका रविवारी ते स्वतःच भाकर झाकून उठले. शाळेत त्यांनी एका पोराला चोर समजून छडी मारली होती आणि चोरी दुसऱ्यानंच केल्याचं नंतर कळलं होतं. पोराचा बाप गावातला मोठा शेतकरी, राहायला वस्तीवर, तीन किलोमीटर लांब. आम्ही दुपार होईपर्यंत बसून राहिलो. लहान पोरं भुकेनं रडली. आप्पा आले ते घामानं भिजलेले, आणि त्यांच्या मागं तो शेतकरीही आला होता. तो दारात चप्पल काढून शेवटपर्यंत उभा राहिला.

मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सगळ्या माणसांचं नवजीवन, राष्ट्राचं नवजीवन हे शब्द मी पुण्यात आल्यावर ऐकले. नर्सिंग झालं, नोकरी लागली, लग्न झालं, रेबेकाचा जन्म झाला. नवरा गेल्यावर रेबेकाला घेऊन मी याच शहरात टिकून राहिले. सोसायटीत अजूनही कुणीतरी विचारतं, "सिस्टर, तुम्ही मूळच्या केरळच्या का?" मी म्हणते, धाराशिवची. "हो, पण त्याआधीच्या?" त्याआधीची मी उस्मानाबादची, फक्त पाटी बदलली. माझ्या सात पिढ्यांची माती तिथली, आणि लिफ्टमध्ये उभं राहून मला माझा देश कोणता ते विचारतात. याचा राग मी बाहेर ठेवून चर्चमध्ये जायचे. वाटायचं, इथं तरी कुणी विचारणार नाही.

विचारलं. दोन वर्षांपूर्वी रेबेकाचं आणि आमच्याच मंडळीतल्या एका मुलाचं जमलं. मुलगा चांगला, दोघांची मनं जुळलेली. मुलाची आई कमलिनीबाई, महिला मंडळाच्या अध्यक्षा. दर शुक्रवारी राष्ट्रासाठी उपवास-प्रार्थना असते ती त्याच चालवतात. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला वेस्ट्रीत, म्हणजे वेदीमागच्या छोट्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमचं मूळ काय हो? म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीचं?"

मी सांगितलं. लपवायला काय होतं?

"असं होय," त्या म्हणाल्या. "आम्ही काही मानत नाही. पण घरात मोठी माणसं आहेत." त्यांचे पणजोबा मोठ्या घरातून ख्रिस्ती झाले होते, हे त्यांनी मग न विचारता मला ऐकवलं. आठवड्याभरात मुलाचे फोन बंद झाले. रेबेका महिनाभर नीट जेवली नाही. आणि मी, कडक इन्चार्ज म्हणून हॉस्पिटलात जिला लोक घाबरतात ती, त्या बंद खोलीतून हात जोडून बाहेर पडले होते. त्या जोडलेल्या हातांची मला आजही चीड येते.

मागच्या वर्षी मंडळीनं जागृती सभा भरवली. तीन दिवस, मोठं मैदान, पडद्यावर भारताचा नकाशा आणि त्यावर ज्वाळा. देशाची पापं कबूल करायची म्हणून त्यांची यादी झळकत होती. भ्रष्टाचार, मूर्तिपूजा, व्यसनं. मंडळीचे सेक्रेटरी माझ्याकडं आले. "ताई, स्टेजवर तुमची साक्ष हवी, देवानं तुम्हाला कसं तारलं त्याची. तुम्ही खेड्यातनं आलात, लोकांच्या काळजाला भिडेल." त्यांनी टाईप केलेला कागद दिला. मी उभ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं, माझं गाव घोर अंधारात होतं. आमच्या देवळावर दगड पडले. गावानं आम्हाला वाळीत टाकलं.

"हे घडलेलं नाही," मी म्हणाले.

"तुमच्या गावात नसेल. कुठं ना कुठं घडतंच की."

"मग ज्यांच्यावर घडलंय त्यांना बोलवा. त्यांचं मी रडून ऐकेन. माझ्या नावावर कशाला घालता?"

"ताई, मुद्दा समजून घ्या. देशासाठी आहे हे."

माझं डोकं तिथंच फिरलं. ज्या फाट्यावर एक कंडक्टर आप्पांच्या प्रार्थनेसाठी गाडी थांबवतो, त्या गावावर हे लोक देशासाठी दगड फेकणार, आणि तेही माझ्या तोंडानं. आणि त्या गावानं खरोखर जे केलं, ते त्यांना नको होतं, कारण ते त्यांच्या स्वतःच्या वेस्ट्रीत चालू होतं. मी कागद पर्समध्ये ठेवला आणि साक्षीला येते म्हणाले.

स्टेजवर गेले तेव्हा तो कागद पर्समधून काढलाच नाही. मी म्हणाले, "आपण देशाची पापं कबूल करायला जमलोय. मी आधी इथलं सांगते. माझ्या आईला विहिरीपासून चार पावलं लांब उभं करायचे. ते माझं गाव. तिथं हातपंप आला आणि ते थांबलं. या मंडळीत मला वेस्ट्रीत नेऊन विचारलं, तुमचं मूळ काय. माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न त्यावर मोडलं. इथं कुठला हातपंप येणार आहे? आपण सगळे..."

एवढ्यात मागून कीबोर्ड वाजला आणि गायनवृंदानं गाणं सुरू केलं. माझ्या बोलण्यावरच. हजारभर माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. माईक चालू होता की नाही कुणास ठाऊक, मला माझाच आवाज ऐकू येईना. गाणं संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. मग उतरले. सेक्रेटरी जिन्याशी म्हणाले, "वेळ संपली होती, ताई." माझ्यानंतर पाऊण तास दुसरं भाषण झालं.

मला कुणीही मंडळीतून काढलं नाही, कुणी ओरडलं नाही. उपासनेत बायबलवाचन करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव तेवढं गळालं. पण खरा फटका घरात बसला. रेबेका स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आई, तू माझं नाव घेतलं नाहीस. पण माझंच सांगितलंस ना, सगळ्यांना? मी विसरायला बघत होते." मी तिला समजावायला लागले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे वगैरे. ती खोलीत निघून गेली.

त्या दिवाळीत एकटीच गावी गेले. आप्पा आता शहाऐंशीचे. त्यांना सगळं सांगितलं, अगदी फुशारकीनं. वाटलं, पाठ थोपटतील. ते बोटानं चटईची काडी ओढत बसले.

"गाण्यानं तुझं बोलणं दाबलं, ते वाईट केलं त्यांनी," ते म्हणाले. "रेबेकाला विचारलं हुतंस का, बोलायच्या आधी?"

"नाही."

"मग आधी तिच्याकडं जा. त्या बाईचं नंतर बघू."

मला आप्पांचाही राग आला. सगळं आयुष्य शांतपणे सोसलं आणि आता मलाच शिकवतात, असं मनात आलं. त्याच रागात संध्याकाळी पारूमावशींच्या ओट्यावर गेले. त्या शेंगा फोडत होत्या, ऐंशीच्या घरातल्या, पाठ वाकलेली. इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "मावशी, तुम्ही माझ्या आईला पाणी वरून का ओतायचात?"

त्यांचा हात थांबला. "आता कशाला उकरतीस ते? लई वर्सं झाली." आणि त्या आत निघून गेल्या. मी ओट्यावर एकटीच राहिले, शेंगांच्या टरफलांसमोर. वाटलं, इथंही गाणंच सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीवजा बॅग आवरत असताना त्या काठी टेकत आळीत आल्या. घरात शिरल्या, आईचा फोटो आहे त्या भिंतीखाली बसल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

"व्हय, ओतत हुते," त्या म्हणाल्या. "सासू बघत असायची म्हणून, असं म्या मनाला सांगायची. पण सासू मेल्यावर बी ओतलंच की. तुझ्या आईनं कधी त्वांड वाकडं केलं न्हाय. तिला मांडीवर घेतलं तवा म्हणावं वाटलं, चुकलं बाई माजं. जीभ उचलली न्हाय. आता कुणाला म्हणू? तुलाच म्हणते."

आप्पा दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली, पण प्रार्थना केली नाही. मी चहा केला. आम्ही तिघांनी तो प्यायला आणि दुसरं बोलत बसलो, तुरीबद्दल, त्यांच्या नातवाच्या नोकरीबद्दल.

पुण्याला परत आल्यावर मी रेबेकाला म्हणाले, "तुला न विचारता बोलले, चुकलं माझं." तिनं लगेच माफ केलं नाही. काही दिवसांनी एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी बोलशील तेव्हा मला सोबत ने. माझं मी सांगेन." त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाला पत्र लिहिलं. साक्ष अर्धी राहिली आहे, ती उपासनेत पुरी करू द्यावी, अशी मागणी केली. कमलिनीबाईंचं नाव घातलं नाही. त्यांना घरी जाऊन वेगळं सांगितलं, की पत्र दिलंय आणि तुम्हीही बोला. त्यांनी चहा विचारला आणि विषय बदलला. पत्राला आठ महिने उत्तर नाही. मधल्या काळात पुढच्या जागृती सभेची पत्रकं मात्र छापून आली.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठं कुठं पोहोचलेल्यांनो, तुमच्यापैकी काहीजण मला विचारता, मग ती मंडळी सोडत का नाहीस? शहरात चर्चेस कमी आहेत का? आप्पांकडं परत जा, असंही एकीनं सुचवलं. मी सोडणार नाही. लिफ्टमध्ये देश विचारणाऱ्यांनाही मी दर वेळी धाराशिवच सांगणार, आणि दर रविवारी रेबेका आणि मी पुढून तिसऱ्या बाकावर बसणार, जिथं पंचमंडळाला आम्ही दिसतो. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मी अजून उठत नाही, आणि का उठत नाही हे विचारणाऱ्या प्रत्येकाला आप्पांचा नियम सांगते, आधी मिटवायचं, मग भाकर. परक्याच्या दारात कुणी असं ठाण मांडून भांडत नाही. भांडतो तो आपल्या घरात. माझं घर आता गावातही आहे आणि या बाकावरही, आणि दोन्हीकडची माणसं मला माझीच वाटतात, म्हणून त्यांना सोडायला मी तयार नाही.