मका म्हणजे हो, ज्वारी म्हणजे नाही

आमच्या चर्चचे जुने फादर गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. नाशकात त्यांच्याविषयी लोक गंभीरपणे बोलतात आणि ते योग्यच आहे. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांवर येणाऱ्या मजुरांपैकी कुणाला कारण न सांगता पकडून नेलं, की फादर घडीची खुर्ची घेऊन पोलीस ठाण्याबाहेर जाऊन बसत. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. कारण लेखी मिळेपर्यंत उठायचं नाही, एवढंच. मतदार यादीत नावं घालायला ते पाड्यापाड्यांवर फिरले. मोर्चात मात्र सगळ्यांत मागे चालत, कारण पुढे फोटोवाले असतात.

मी चर्चच्या समितीची चिटणीस. माझ्या वाट्याला त्यांची लोकशाही बैठकांमधून आली, आणि ती चालवणं हे चांगलंच काम होतं.

फादर सगळं मताला टाकत. पंखे कुठे लावायचे, नाताळच्या गोठ्यात उंट एक ठेवायचा की दोन, सगळं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना लिहितावाचता येत नाही, म्हणून त्यांनी दाण्यांचं मतदान सुरू केलं होतं. प्रत्येकाला एक मक्याचा दाणा आणि एक ज्वारीचा. मका म्हणजे हो, ज्वारी म्हणजे नाही. पडद्याआड जायचं, एक दाणा मडक्यात टाकायचा, दुसरा खिशात. आमच्या घरी पँट धुवायला टाकण्याआधी अजूनही खिसे झटकावे लागतात.

एकदा कुणीतरी विषय मांडला की फादरांचं प्रवचन फार लांबतं का. मडकं उपडं केलं, तर नुसता मका. पुढच्या रविवारी फादर गजराचं घड्याळ घेऊन उभे राहिले. गजर वाजला की वाक्य अर्धवट सोडून थांबत. एकदा ‘आणि तेव्हा प्रभू म्हणाला’ इथेच थांबले. प्रभू काय म्हणाला असेल यावर आम्ही रिक्षा मिळेपर्यंत वाद घातला.

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, तो बैठकीला हजर हवा. कुणाच्या पाठीमागे काही ठरवायचं नाही.

दोन्ही नियम आपापल्या जागी उत्तम होते. ते एकत्र आले की काय होतं, हे आम्हाला कोंबड्याच्या बैठकीत कळलं.

कोंबडा फादरांना पोलीस ठाण्यातून सुटून आलेल्या एका मजुराने दिला होता. अर्थातच खायला. फादरांनी विचारलं, “याचा गुन्हा काय?” कोंबडा राहिला. फादर गेल्यानंतर त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी दिवसभर त्या कोंबड्याशीच बोलत. आज भाजी काय आहे, कोण आलं होतं, पाणी कधी गेलं, सगळं त्यालाच.

नवे फादर तरुण, मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले. कोंबडा पहाटेच्याही आधी त्यांच्या खिडकीखाली सुरू होई.

“फादर, तुम्ही तर गाड्यांच्या आवाजात झोपलेले,” मी म्हटलं.

“ताई, गाडी येते आणि जाते,” ते म्हणाले. “हा येतो आणि थांबतो.”

बिचारे वेदीवर उभ्याउभ्या डुलायला लागले होते. तेव्हा आमच्या समितीतल्या सर्वांत जुन्या सदस्याने, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी तोडगा सुचवला. जुन्या फादरांचा स्मृतिदिन जवळ आला होता, तर जेवणाला रस्सा करावा.

“काका, एका कोंबड्यात एवढ्या लोकांचं काय होणार?” मी विचारलं.

“चव तर उतरेल.”

“तुमच्या नरड्यात अडकंल तो,” मावशी म्हणाल्या.

मी विषय लिहून घेतला: कोंबडा ठेवायचा का? मका म्हणजे राहील, ज्वारी म्हणजे रस्सा. नियमाप्रमाणे कोंबडा हजर होता, मावशींच्या मांडीवर. सगळे पडद्याआड जाऊन आले. मी मडकं परातीत उपडं केलं. मका भरपूर दिसला, हे मी आजही शपथेवर सांगेन. मावशी बघायला पुढे वाकल्या, त्यांच्याबरोबर कोंबडाही वाकला, आणि आम्ही हात घालेपर्यंत त्याने परातीतला मका साफ केला. ज्वारीला त्याने चोच लावली नाही.

“मोजा,” काका म्हणाले.

“काका, मका होता. मी पाहिलाय.”

“किती होता?”

“आपण पुन्हा दाणे वाटू,” मी म्हटलं.

“आता सगळ्यांना दया आली आहे. दयेपोटी दिलेलं मत खरं नाही. परातीत काय आहे? ज्वारी. संपलं.”

मावशींनी कोंबडा पदराखाली घेतला. “नळाच्या वक्ताला फादरनी काय केलं, ते आठवा जरा.”

ते सगळ्यांना आठवत होतं. एका उन्हाळ्यात मजुरांची काही कुटुंबं चर्चच्या मैदानावर उतरली होती. त्यांना आपल्या नळाचं पाणी द्यायचं का, यावर मतदान झालं आणि ज्वारी जिंकली. आयुष्यभर मतापुढे मान तुकवणाऱ्या फादरांनी त्या दिवशी मडक्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाले, “चूक माझी. हे मी मताला टाकायलाच नको होतं.” नळ चालू राहिला.

“ती माणसं होती,” काका म्हणाले. “हा कोंबडा आहे.”

“मग त्याला मिटिंगला कशापायी बोलावलं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

नवे फादर इतका वेळ डोळे मिटून होते. आम्हाला वाटलं झोपले. ते म्हणाले, “ताई, याचा जीव विषयपत्रिकेतून काढा. माझी झोप तेवढी राहू द्या.”

मग कोंबडा कुठे ठेवायचा हा प्रश्न उरला. मावशी म्हणाल्या, “माझ्या खोलीवर नेते.” त्यांची खोली गल्लीच्या टोकाला, आजूबाजूला नुसती गोदामं. भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी एकच, तो म्हणजे काका.

“मग यात मत फक्त काकांचं,” फादर म्हणाले, आणि त्यांनी काकांच्या हातावर एक मक्याचा दाणा आणि एक ज्वारीचा ठेवला.

काका पडद्याआड गेले. लवकर बाहेर येईनात. मावशी पदराखाली कोंबड्याला हळूच काहीतरी समजावत होत्या. शेवटी काका आले आणि खुर्चीत बसले. मावशींनी कोंबड्याची चोच घट्ट धरली, मग मी मडकं उपडं केलं.

मका.

मावशींनी काकांकडे पाहिलं. त्या काही बोलणार, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

“गुप्त मतदान आहे,” ते म्हणाले. “कुणी टाकला ते विचारायचं नाही.”