डेंगी तपासायचं यंत्र आणि साहेबांची तारीख

वर्गातल्या चाळीस पोरांनी एका सुरात कविता म्हटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणून म्हणूनच ती पाठ व्हायची.

आमच्या पेठेतल्या दवाखान्यात जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आलंय. तेही असंच शिकलंय म्हणे, असंख्य रुग्णांचे नमुने पाहून पाहून. बोटातला एक थेंब द्यायचा, वीस मिनिटांत डेंगी आहे की नाही ते मोबाइलवर दिसतं. खर्च दोन चहांचा.

आज सकाळी तापानं फणफणलेल्या बायकोला रिक्षात घालून तिथं नेलं. यंत्र टेबलावरच होतं. हार घातलेलं, लाल फीत बांधलेलं!

"आजोबा, आज न्हाय. साहेबांच्या हातनं उद्घाटन व्हायचंय," नर्सबाई म्हणाल्या.

"कधी?"

"तारीखच मिळंना की. तीनदा हार सुकला."

बाकावर कुडकुडणारी बायको म्हणाली, "बाई, मीच कापते की फीत. साहेबापरीस मला घाई लई हाय."

नर्सबाई हसल्या नाहीत. खाली मान घालून त्यांनी बाहेरच्या लॅबची चिठ्ठी दिली. तिथला रिपोर्ट उद्या संध्याकाळी.

मित्रांनो, मला संताप आवरत नाही. माणूस तापानं जळतोय आणि आपण यंत्राला हार घालून बसलोय! ही कसली रीत? तुमच्याकडेही असंच चालतं का? सांगा.

एवढं लिहितोय तोच दार वाजलं. उघडलं तर नर्सबाई, यंत्र छातीशी धरून.

"आजींचं बोट द्या आधी," म्हणाल्या. "साहेबांना काय सांगायचं ते मी सांगते."