पाच घरांत वाटलेला रोहू

वैनगंगेकाठी जायचं तर हिवाळ्यात जा आणि भूक घेऊन जा. मी ऐंशीच्या दशकात गेले ती मात्र मोजमापाचा टेप आणि वही घेऊन. मासेमारीने नदीतले रोहू, कटला कितपत घटलेत ते पाहायचं होतं. मोठे मासे दिसले नाहीत तर काही वर्षं जाळी बंद ठेवा, असं आमचं मत्स्यखात्याचं ऑफिस लिहिणार होतं. म्हणजे घाटावरच्या ढिवर कोळ्यांच्या चुली माझ्या वहीवर अवलंबून! मला त्याचं चांगलंच दडपण आलं होतं.

चंद्रपूरहून गोंडपिपरीकडची एसटी धरली. रस्ता हाडं खिळखिळी करणारा, पण दोन्हीकडे सागवान आणि थांब्यावर आठ आण्यांत पानभर गरम भजी, त्यामुळे तक्रार नव्हती. तीन दिवस आठवडी बाजार पालथे घातले. टोपल्यांत सगळे वीतभरच. वहीतला ‘मोठे’ हा रकाना कोरा राहिला.

चौथ्या दिवशी जड मनाने घाटावरच्या वस्तीत गेले. गिरजाबाईंनी विचारपूस करायच्या आधी भात-रस्सा पुढे केला. बोटं चाटून झाल्यावर मी हळूच म्हटलं, "बाई, नदीत मोठी मासोळी उरलीच नाही हो."

"काऊन? कोन म्हन्ते?"

"तीन बाजार पाहिले. एकही नाही."

त्यांचे यजमान सोमाभाऊ जाळं विणता विणता खो खो हसले. "मोठी बजारात कुठी जाते! हातभर मासोळी लागली का रेतीवरच कापाची अन् डोंगेवाल्या पाच घरांत वाटाची. इकत नाई आमी तिले."

"मग एक तरी दाखवा ना, भाऊ."

"सकाळीच तं लागली रोहू. तुमी आत्ता खाल्ली!"

अशी फजिती! पण टेप हातात होता. उरलेल्या चारही घरी गेले. कुठे डोकं, कुठे शेपूट. बायका हळद लावलेले तुकडे परातीतून काढून देत, मी पाठीकडून मोजत होते आणि मागे अख्खी वस्ती हसत होती. कामात इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. बेरीज तेवीस इंच भरली.

एका रोहूवरून नदी भरलेली आहे असं म्हणता येत नव्हतं. पण बाजार बघून ती रिकामी म्हणणंही चूकच. नागपूरला परतल्यावर तसंच लिहून दिलं. हळदीचे डाग पडलेली ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

ती नोंद वाचून ऑफिसातल्या साहेबांनी तेव्हा चष्मा वर केला होता. "‘तेवीस इंचांहून अधिक’? ही काय नोंद झाली?"

"सर, मधला तुकडा मी जेवले."

त्यांनी अहवालाच्या मसुद्यातली जाळीबंदीची ओळ खोडली. "वर्षभर घाटावर जाऊन मोजा," ते म्हणाले, "आणि जेवायच्या आधी."