सुलभा मॅडम आणि दत्ताची विहीर

सुलभा मॅडमच्या घरी गेलं की पाण्याआधी भाकरीचा स्टीलचा डबा पुढे यायचा. त्यात आपला फोन ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं, मग गप्पा. "तुमी आत या, सर. तुमच्यासंगं आलेला ह्यो कान नको," असं म्हणत त्या स्वतःचाही फोन त्यात टाकायच्या. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात त्या संगणक शिकवायच्या आणि मी गणित. स्टाफरूम त्यांना सर्किट म्हणायची. मीही म्हणायचो, पण त्यांच्याकडचा चहा सोडवत नसे.

नवा टीव्ही आणला तेव्हा त्यातून बाहेर काय काय जातं, ते बाईंनी आठवडाभर तपासलं आणि त्याचं इंटरनेटच तोडून टाकलं. "आपन टीव्ही बघतो का टीव्ही आपल्याला, ते आधी ठरवा," म्हणाल्या. घरातले दिवे हाकेसरशी लागायचे, पण ती हाक घराबाहेर जाणार नाही अशी सोय त्यांनी स्वतः केली होती. सध्या कसला प्रयोग चाललाय, हे मात्र कुणाला सांगायच्या नाहीत. "ज्याला म्हाईतच न्हाई, त्याच्या तोंडून फुटत न्हाई."

धाकटा भाऊ दत्ता जवळच्याच गावात शेती बघायचा. विहिरीतल्या मोटारीला फोनवरून चालू-बंद करायची पेटी होती. भावकीतलं कुणीही उठून फोन लावायचं आणि मोटार सोडायचं. मॅडमनी सगळ्यांचे नंबर काढून फक्त आपला ठेवला आणि पेटीच्या खोलीला कुलूप ठोकलं. पाणी हवं असलं की दत्ता फोन करायचा, "ताई, मोटार सोड."

त्या दुपारी चहा संपवून मी उठलो. डबा उघडला, तर मॅडमच्या फोनवर दत्ताचे चार कॉल येऊन गेल्याचे मेसेज आले. त्यांनी उलट फोन लावला. उचलला भावजयीनं, मंगलनं.

"ते हिरीत उतरलेत. मोटारीच्या जाळीत कचरा अडकलाय म्हनले. लाईट न्हाई तवर काढतो म्हनले."

मॅडम फोनवर ओरडल्या. "मंगल, पळ. वर काढ त्याला. फोन संगं ने."

मग घाईघाईनं त्यांनी मला सांगितलं. कालच त्यांनी घरबसल्या पेटी ऑटोवर टाकली होती. लाईट आली की मिनिटभरानं मोटार आपोआप सुरू होणार. दत्ताला याचा पत्ता नव्हता. केबल जुनी, पाण्यात जोड दिलेला, आणि त्याच पाण्यात दत्ता. लाईट नसताना पेटीही मेलेली असते, ती फोन घेत नाही. म्हणजे लाईट आल्यावरचं ते एक मिनिटच काय ते हाती होतं.

त्या पेटीचा नंबर फिरवत राहिल्या. 'बंद आहे.' पुन्हा तेच. शेत घरापासून लांब, मंगल अजून पोचली नसणार. मला देवही आठवेना. आणि अचानक पलीकडे रिंग वाजली. म्हणजे लाईट आली होती. घाईत मॅडमचं पहिलं बटण चुकलं. दुसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी फोन धरून दाबलं. पेटीतली बाई थंडपणे म्हणाली, "मोटार बंद केली आहे." मॅडम तिथंच फरशीवर बसल्या.

थोड्या वेळानं मंगलचा फोन आला. दत्ता वर आला होता आणि कशाला हाका मारतेस म्हणून तिच्यावरच खेकसत होता.

संध्याकाळी आम्ही गावी गेलो. कुणाला काही न सांगणाऱ्या त्या बाईनं मंगलसमोर भावाला सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. पेटीत त्याचा नंबर घातला आणि खोलीची किल्ली त्याच्या हातात दिली.  दत्ता रागावेल, असं मला वाटलं.

"ताई," तो म्हणाला, "तुज्याबिगर मोटार कुनाचंच ऐकत न्हाई, म्हनून तर मी बिनघोर उतरलतो."