मंगलवैनीचा अर्धा रस्ता

निर्णा गावातल्या सहा पोरींना रोज हुमनाबादच्या शाळेत नेणारा ॲटो माझी मंगलवैनी चालवते. मी बी.ए. होऊन तिच्या शेजारी बसतो. मला क्लच कळत नाही.

वैनीला अर्धशिशी आहे. आधी डोळ्यांपुढं चमकती नागमोडी रेघ येते, अर्धं दिसेनासं होतं, मग डोकं फुटायला लागतं. गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पाळीच्या तोंडावर शरीरातलं एक संप्रेरक झपकन उतरतं. तुमचा मेंदू मुळातच चटकन भडकणारा. तारखा लिहून ठेवा." वैनीनं कॅलेंडरवर फुल्या मारल्या. त्या दिवसांत ती दुसरा ॲटो पाठवायची आणि पालकांना सांगायची, "गाडी बिघडली." एका पोरीचे वडील गुरुशांतप्पा यांनी बजावलंच होतं, "मंगलक्का, आता एकदा चुकलात की सहाही पोरी दुसरीकडं."

गेल्या महिन्यात पाहुणे मला बघायला आले. "फुल्या कशाच्या विचारलं तर?" म्हणून आईनं कॅलेंडर पेटीत टाकलं. पाहुण्यांनी मला नापसंत केलं, ते बरंच झालं. पण कॅलेंडर पेटीतच राहिलं आणि वैनीचा तारखांचा हिशोब चुकला.

सोमवारी सकाळी समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता.

"वैनी, कुठं घालायलीस?"

"ट्रॅक्टर आहे व्हय? उजवीकडचं दिसंना मला!"

मी किंचाळलो. तिनं ॲटो डावीकडं दाबला, बांधाला टेकवला, चावी काढली, डोळ्यांवर पदर ओढला. मागं पोरींनी एकमेकींना घट्ट धरलं. ट्रॅक्टर हॉर्न मारत गेला.

"गुरुशांतप्पांना फोन लाव."

"वैनी, गाडी बिघडली म्हणू?"

"न्हाई. खरं सांगायचंय."

ते मोटारसायकलवर आले, उतरायच्या आधीच ओरडले, "पिऊन चालवायलीस काय?"

वैनीनं डोळ्यांवरचा पदर काढला नाही. "पाळी यायच्या आधी माझं असं होतं, अण्णा. अर्धा रस्ता दिसत न्हाई. खोटं बोलत होते मी."

बाईनं रस्त्यात हा शब्द उच्चारला म्हणून मी चपलेकडं बघितलं. गुरुशांतप्पाही.

तेवढ्यात मागून त्यांची नववीतली वैष्णवी बोलली, "अप्पा, मलाबी तसंच होतंय. रेघा दिसतात."

"कामून बोलली न्हाईस?"

"कुणाला?"

गुरुशांतप्पा मोटारसायकलवरून उतरले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मंगलक्का, त्या डॉक्टरीणबाईंचं नाव काय?"