आबांच्या खिशातला धागा

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, बिडी पेटवण्याआधीसुद्धा वारा पाहायचे. सुरतेत लिंबायतच्या खोलीत मी साड्यांचं धागा कटिंग करायचे. त्या ढिगातले दोन-चार धागे शर्टाच्या खिशात टाकूनच ते ड्यूटीवर जात. वीज खात्यात लाइनमन होते. नव्वदच्या दशकात त्या गल्ल्यांत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड अखंड चाले. ती थांबली की समजावं, आबा खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरखाली, डीपीखाली, उभे आहेत.

डीपी बंद करायची त्यांची रीत ठरलेली. आधी कारखान्यांचा लोड काढायला, म्हणजे लूम बंद करायला लावायचे, मग धागा हवेत सोडायचे आणि लांब काठीने एकेका फेजचा फ्यूज पाडायचे. मधला आधी, मग वारा जातो त्या बाजूचा, वारा येतो तिकडचा शेवटी. म्हणजे ठिणगी उडाली तरी शेजारच्या जिवंत फेजवर जाणार नाही. कारखानेवाले ओरडत, "काका, जल्दी करो ने!" आबा ढिम्म. त्या तीन फेजांबद्दल मला अहिराणीत म्हणायचे, "तीन सासवा शेतस त्या. एकेकीलेच समजाडनं पडस." सासऱ्याने सुनेला हे सांगावं! आतून सासूबाई भांडं आदळायच्या.

एकदा भर दुपारी आमच्याच गल्लीतल्या डीपीतून तेल गळायला लागलं. आबांनी दोन फ्यूज पाडले. आमच्याकडे लूम गप्प म्हणजे लाइट गेली, असाच सगळ्यांचा समज. माझा नवरा सुभाष लूमचा मिस्त्री; बापाला मदत म्हणून पाना घेऊन डीपीच्या पलीकडच्या खांबावरून चढला. मी ओट्यावरून पाहत होते. आबांनी काठी खाली घेतली. ओरडले नाहीत, दचकून त्याचा हात वर गेला असता. जेवायला हाक मारावी तसे म्हणाले, "सुभाष, हात छातीशी ठेव. उतर, बेटा. तिसरी अजून जित्ती शे."

सुभाष उतरला. आबांनी खिशातून नवा धागा काढला, वारा पाहिला आणि मगच तिसरा फ्यूज पाडला. नंतर ओट्यावर येऊन बसले. मी पाणी दिलं, तर अर्धं शर्टावर सांडलं. लेकाला मात्र एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते मला सासरे वाटलेच नाहीत, बापच वाटले.

आबा गेले तेव्हा खुंटीवरच्या शर्टात धागा होताच; निघताना सुभाषने तो आपल्या खिशात टाकला. तापीच्या घाटावर काय झालं ते शेजाऱ्यांनी मला नंतर सांगितलं. अग्नी द्यायची वेळ झाली, सगळे घाई करत होते, आणि सुभाष म्हणाला, "थांबा." त्याने खिशातून तो धागा काढून हवेत सोडला, वारा कुठून येतो ते पाहिलं आणि मग पुढे झाला.